तळ्याकडच्या बादल्या

२ मार्च

मराठीत लिहितेय, कारण रूममेट डोकावते. ती या देशातलीच, वही टेबलावर उघडी पडली तरी तिला यातलं ओ की ठो कळणार नाही. शाळेत मराठीत मी कायम काठावर पास. बाई म्हणायच्या, "तुझं मराठी चपला घालून घरात येतं." येऊ दे. आत्ता चपला काढायचंसुद्धा त्राण नाहीये.

तर झालंय असं, की मुख्य पेपरात मी नापास. इमारतींवर भार कसा येतो, कुठून कुठे जातो, तो पेपर. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर पाण्याचा ग्लास ठेवला, तेव्हाच कळलं की बातमी वाईट आहे.

दोन रस्ते आहेत म्हणाले. एप्रिलअखेर री-एक्झाम. त्यात उडाले तर कोर्स संपला, कायमचा. नाहीतर एक वर्ष ब्रेक घ्यायचा, घरी जायचं, सीट तशीच राहते, पुढच्या वर्षी परत यायचं. ब्रेक हवा असेल तर पंधरा एप्रिलच्या आत कळवायचं.

"तू दमलेली दिसतेस," सर म्हणाले.

"छे हो सर, मी मस्त आहे. री-एक्झाम देते!" मी इतकी जोरात हसले की सर दचकले.

ब्रेक कसला घेते? घरी जाऊन सांगू काय? बाबा आयुष्यभर साइटवर सुपरवायझर. इंजिनिअर लोकांच्या पुढेमागे ऊन खात फिरले. माझ्या ॲडमिशनची बातमी त्यांनी वॉचमनपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितलीय. डॉक्टरला तर तोंडात यंत्र असताना सांगितली.

घरी अजून काहीच सांगितलेलं नाही. री-एक्झाम पास झाले की सांगेन, गंमत म्हणून.

५ मार्च

अभ्यास केला. म्हणजे टेबलाशी बसले. हायलायटरने पान इतकं रंगवलं की शेवटी जे रंगवलं नव्हतं तेच उठून दिसायला लागलं.

संध्याकाळी रूममेट दारात उभी. ती नर्सिंगची, दिवसभर लोकांना उठवून बसवायची सवय. म्हणाली, "पहाटे तू जागीच असतेस ना?"

"हो. का?"

"मी बेडकांच्या ग्रुपमध्ये नाव दिलंय. सकाळची पाळी. पण हॉस्पिटलने माझी ड्यूटी बदलली. माझ्या जागी तू जा."

"बेडकांचं काय करायचं?"

"उचलायचे."

हो म्हणाले. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

६ मार्च

अरे काय भारी प्रकार आहे!

गावाबाहेर एक रस्ता. वरच्या बाजूला टेकडी, झाडी. खालच्या बाजूला तळं. हे बेडूक अख्खी थंडी टेकडीवर मातीत झोपून काढतात, आणि आता अंडी घालायला खाली तळ्यात जायचं असतं. मध्ये रस्ता. गाड्यांखाली चिरडतात बिचारे. म्हणून हा ग्रुप दर वर्षी रस्त्याच्या कडेने गुडघ्याएवढं प्लास्टिकचं कुंपण घालतो आणि कुंपणाला लागून जमिनीत बादल्या पुरतो. बेडूक येतो, कुंपणाला अडतो, कडेकडेने चालतो आणि धपकन बादलीत. सकाळी आपण बादली उचलायची, रस्ता ओलांडायचा, तळ्याकाठी सोडायचं. झालं काम.

टीमची मुख्य एक रिटायर्ड शाळामास्तरीण आहे. गुडघा दुखरा, टोपी कानापर्यंत, आवाज असा की बेडूकसुद्धा सरळ रांगेत बसतील. मी तिला मनात हेडबाई म्हणते. बोलतो आम्ही इंग्लिशमध्ये, पण मला ती माझ्या शाळेतल्या बाईंसारखीच ऐकू येते.

"हातमोजे ओले कर आधी. कोरड्या हाताने त्यांची कातडी दुखते."

केले. पहिला बेडूक हातात घेतला. नेहमीसारखा हिरवा नव्हता, मातीच्या रंगाचा, अंगभर चामखिळी, डोळे मात्र तांब्याचे. उचलल्याबरोबर चुक् चुक् चुक् करायला लागला.

"याला लागलं का?"

"नाही गं. तो म्हणतोय, मी बाई नाही, सोड मला. नर एकमेकांना चुकून धरतात, तेव्हा असंच ओरडतात."

पुढच्या बादलीत एक गलेलठ्ठ मादी आणि तिच्या पाठीवर छोटासा नर, घट्ट मिठी मारून.

"हा नवरा का?" मी विचारलं.

"नवरा कसला, प्रवासी. एकत्रच ने, सोडवू नकोस. सुटणार नाही तो."

येताना बोटं बधिर, बुटात पाणी, पोटात भूक. कितीतरी दिवसांनी भूक लागली.

९ मार्च

आईचा फोन.

"काय करतेस?"

"बेडूक उचलतेय."

"काय?"

सगळं सांगितलं. आई म्हणाली, "बयो, आपल्याकडे बेडूक नव्हते म्हणून तिकडे पाठवलं का तुला?"

मागून बाबा: "किती उचलले विचार."

"आज फोर्टी सेव्हन."

"म्हणजे किती?"

"म्हणजे... सदुसष्ट? नाही, सत्ते... थांबा."

"सत्तेचाळीस," बाबा म्हणाले. "फी भरली ती सगळी इंग्लिशची." हसले पण. कितीतरी दिवसांनी हसताना ऐकलं त्यांना.

मी भराभर सगळं सांगत सुटले. तळं भारी, टीम भारी, कॉलेज भारी, अभ्यास एकदम भारी. आई मध्येच म्हणाली, "लहानपणी तुला ताप चढला की तू अशीच बडबडायचीस. कपाळाला हात लावेपर्यंत कुणाला कळायचं नाही."

मला ताप वगैरे काही नाहीये. आईला दुरून काहीही वाटतं.

परीक्षेचं मात्र विचारलं नाही तिने. जानेवारीपर्यंत रोज विचारायची. विसरली असेल. बरंच झालं.

१५ मार्च

रोज जाते आता. रूममेट तिची पाळी परत घ्यायला तयार आहे, मीच देत नाही.

ओल्या, जरा उबदार हवेत बादल्या भरून वाहतात. थंडी पडली की एकही नाही. हेडबाई म्हणतात, त्यांना घाई करता येत नाही, हवा मिळाली की निघतात. मी म्हटलं, "पण सगळेच निघतात ना? दर वर्षी?"

"नर येतात बहुतेक. माद्या नाही येत सगळ्या. अंडी घालून आली की एखादं वर्ष गाळते. अंगात परत जीव यायला वेळ लागतो."

"मग त्या वर्षी काय करते?"

"खाते. झोपते. तुला सगळ्याला काहीतरी करायलाच हवं का गं?"

इंटरेस्टिंग माहिती आहे. लिहून ठेवली.

अभ्यास: शून्य. सकाळी इतकी दमून येते की दुपारी डोळा लागतो. पण ही चांगली दमणूक आहे ना?

२२ मार्च

खरं लिहायचं ठरवलं होतं, म्हणून लिहिते. आज जुनी प्रश्नपत्रिका काढली. पहिला प्रश्न वाचला. तुळई दिलेली, दोन टेकू, मधोमध वजन. दुसऱ्या वर्षाचं पोरगंही सोडवेल. मी वाचत राहिले, वाचत राहिले, आणि शब्द कळत होते पण पुढे काय करायचं ते येईना. पेन धरलेला हात बघत बसले. मग रडू आलं. मग रडायचाही कंटाळा आला.

खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात. हिरवा, निळा, काळा. मला पाठ झालेत.

संध्याकाळी आईने फोनवर सांगितलं, माझी खोली रंगवून घेतली.

"का? कुणी येणार आहे राहायला?"

"असंच गं. खिडकीकडची भिंत ओलावली होती."

"मग माझ्या पुस्तकांचं काय?"

"जशीच्या तशी लावून ठेवलीत."

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. मी इथे येऊन वर्ष झालं नाही, तर लागले खोली रंगवायला. मावशीला वगैरे देणार असतील. आणि पलीकडच्या काकूंचा मुलगा म्हणे नोकरी सोडून घरी आलाय, "आता किती बरा दिसतो, अंगावर मूठभर मास चढलं." मला काय करायचंय त्याच्याशी? आई हल्ली कुठलंही सांगत सुटते.

बाबांशी बोलायचं होतं. आई म्हणाली खाली गेलेत. कुणीतरी जिन्यात विचारलं म्हणे, 'काय म्हणतेय आमची इंजिनिअर?' तर बाबा म्हणाले, 'ती बरी असली म्हणजे झालं.' बास. एवढंच. एरवी अर्धा तास बोलले असते.

रागावलेत माझ्यावर. कळलं नसतानाच रागावलेत. कळल्यावर काय करतील?

२८ मार्च

पाऊस. सुट्टी घेतली नाही. ताप आहे थोडा, गोळी घेतली.

२ एप्रिल

आज एकटीने सगळी लाइन सांभाळली! हेडबाईंचा गुडघा सुजलाय, त्यांनी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला होता. वरचा भाग वाचला: 'आज मी येत नाही, सकाळची पाळी एकटीनेच बघ.' बघते की!

वरच्या, टेकडीकडच्या बादल्या जवळजवळ रिकाम्या. दोन-तीनच. जरा हिरमोड झाला. मग लक्षात आलं, रस्त्याच्या खालच्या बाजूलासुद्धा कुंपण आहे, तळ्याकडे. तिथल्या बादल्यांवर इतके दिवस झाकणं होती. आज झाकणं काढलेली. आणि आत बेडूकच बेडूक! अरे देवा, म्हटलं, हे तर तळ्यापर्यंत पोचले होते आणि रस्ता चुकून परत वर यायला निघाले! झाकणं वाऱ्याने उडाली असणार.

एकेक बादली उचलली आणि तळ्यात नेऊन सोडली. सगळेच्या सगळे. काही तर इतके मरगळलेले, हातात घेतले तरी चुक् चुक् पण करेनात. मी म्हटलं, हरू नका रे, पोचलात, ही घ्या तुमची मंझिल. परत वर चढायला लागू नयेत म्हणून जरा आतल्या पाण्यात सोडले, बुटात पाणी जाईपर्यंत. झाकणं घट्ट लावून टाकली.

फोटो काढून ग्रुपवर पाठवला. 'एकही हरवू दिला नाही!' शेजारी बाहू फुगवलेला हात.

३ एप्रिल

काल दुपारी हेडबाईंनी फोन केला. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत पुरा न वाचता उत्तर लिहिणारी पोरं खूप बघितली म्हणाल्या, पण असं नाही बघितलं.

मेसेजचा खालचा भाग असा होता: 'परतीचा प्रवास सुरू झालाय. तळ्याकडच्या बादल्यांची झाकणं मी काढलीत. त्यांतले बेडूक टेकडीवर न्यायचे.'

ते चुकले नव्हते. त्यांचं काम झालं होतं. अंडी घालून, कित्येक दिवस उपाशी राहून, ते घरी निघाले होते. मी त्यांना उचलून परत पाण्यात फेकलं. वर झाकणं लावली.

"मला वाटलं ते मागे फिरलेत," मी म्हटलं.

"मागे फिरलेच होते! मागे फिरायचंच असतं! तळ्यात राहून काय करतील ते? हे पाण्यात राहणारे नाहीत गं, मातीतले आहेत. अंडी घालण्यापुरतं तळं."

 मग म्हणाल्या, "झाकणं काढून ये आधी. आणि बुटात पाणी गेलं होतं ना? मोजे बदल."

४ एप्रिल

बादल्या परत भरल्या होत्या. त्यांत एका डोळ्याचा एक होता, डावा डोळा बुजलेला. परवा मी त्यालाच सोडलं होतं, नक्की. तेवढंच अंतर परत चालून आला होता. पोट आत गेलेलं, कमरेची हाडं वर आलेली. हातात घेतला तर पाय पोटाशी घेऊन बसला. माझ्याकडे रागाने बघेल असं वाटलं होतं. त्याला रागवायलाही ताकद नव्हती. माझा चेहरा आरशात हल्ली असाच दिसतो, हे लिहायचं नव्हतं पण लिहिलं.

हेडबाई गाडीतून उतरल्या नाहीत, काच खाली करून बसल्या होत्या. मी सगळ्या बादल्या टेकडीवर नेल्या. शेवटची रिकामी केल्यावर म्हटलं, "सॉरी."

"मला काय सॉरी म्हणतेस, त्यांना म्हण." मग थर्मासचं झाकण भरून चहा पुढे केला. "माझ्या पहिल्या वर्षी मी एक अख्खी बादली गाडीत विसरले होते. घरी पोचले तर सीटखाली ओरडतायत."

"मग?"

"नवरा म्हणाला, एकतर ते या घरात राहतील नाहीतर मी. निवड करायला मला जरा वेळ लागला."

खूप हसले. हसताना फासळ्या दुखल्या.

११ एप्रिल

बादल्या रिकाम्या झाल्यावर हल्ली मी टेकडीवर थोडी बसते. पडलेल्या खोडावर, खाली पिशवी घालून. काही करत नाही. आज बसले तर बाजूलाच एक नुकताच सोडलेला बेडूक होता. मला वाटलं, सोडल्याबरोबर तुरुतुरु पळेल. कसला पळतोय. एक पाय पुढे टाकला. थांबला. बराच वेळ नुसता श्वास घेत बसला, गळा वरखाली. मग दुसरा पाय. एका पानाच्या खाली शिरायला त्याने माझा अख्खा चहा पिऊन होईपर्यंत वेळ घेतला. शिरल्यावर माती दोन्ही पायांनी मागे सारत सारत मागच्या मागे आत गेला. शेवटी फक्त नाक. मग तेही नाही. कुणी सांगितलं नसतं तर तिथे पान आहे एवढंच दिसलं असतं.

वरून रस्ता दिसत होता. इतके आठवडे मी तो जीव मुठीत धरून ओलांडत होते. वरून बघितला तर एक राखाडी पट्टी. त्याच्यापलीकडे तळं, तळ्यापलीकडे कॉलेजच्या इमारती. माझी खिडकी शोधली. सापडली नाही. सगळ्या सारख्याच. इतक्या सगळ्या खिडक्यांमागे कुणी ना कुणी प्रश्नपत्रिका घेऊन बसलं असेल, असं वाटलं, आणि पहिल्यांदाच त्या माणसाची, म्हणजे माझीच, जरा दया आली. राग नाही आला.

झाडांना माझ्या पेपराचं काही पडलेलं नव्हतं. हे वाईट वाटायला हवं होतं, पण बरंच वाटलं. घरी काय, कॉलेजात काय, सगळ्यांना माझं काहीतरी पडलेलं असतं.

तिथेच बसून स्वतःला सरळ विचारलं: री-एक्झाम दिली तर पास होशील? सरळ उत्तर आलं: नाही. आत्ता नाही. तुळई आहे, टेकू आहेत, मला सोडवता येत होतं, परत येईल. पण आत्ता नाही.

मग कितीतरी वेळ तिथेच बसले. पिशवी असून बूड ओलं झालं.

१२ एप्रिल

सरांना मेल लिहिला. पाठवला नाही. बाबांचा चेहरा आला समोर, ऊन लागून एका बाजूने काळा पडलेला.

रूममेटने विचारलं, काय झालं? सांगितलं सगळं. मार्चपासूनचं. ती नर्सच्या आवाजात म्हणाली, "कितव्यांदा सांगतेयस कुणाला?"

"पहिल्यांदा."

"हं," म्हणाली आणि माझ्या अंगावर तिचंही पांघरूण टाकून ड्यूटीला गेली.

१४ एप्रिल

मेल पाठवला. एक वर्ष ब्रेक. सरांचं उत्तर जेवणाच्या आधीच आलं. 'पुढच्या वर्षी भेटू. विश्रांती घे.' इतकं छोटं. मी या दोन ओळींना सहा आठवडे घाबरत होते.

हेडबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "पुढच्या मार्चमध्ये इथे असशील?"

"पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये येईन परत. म्हणजे त्याच्या पुढच्या मार्चमध्ये."

"तोपर्यंत माझा गुडघाही नवीन बसलेला असेल. मेसेज मात्र पुरा वाचायचा."

मग घरी फोन. काय बोलायचं ते अंघोळ करताना घोकलं होतं. आई उचलेल, आधी आईला सांगेन, मग ती बाबांना हळूहळू सांगेल, असा प्लॅन. उचलला बाबांनीच. बाबा कधी फोन उचलत नाहीत. घोकलेलं सगळं गेलं.

"बाबा, मी एका पेपरात नापास झाले. मला परत पेपर द्यायचा होता पण जमणार नाही. एक वर्ष सुट्टी घेतलीय. घरी येतेय. सॉरी बाबा."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"बरं," बाबा म्हणाले.  "कधी येतेस?"

"अजून तिकीट बघितलं नाही."

"बघ. पहाटेचं असलं तरी चालेल. मी येतो घ्यायला."

मग त्यांनी फोनवर हात ठेवला. त्यांना वाटतं, हात ठेवला की पलीकडे ऐकू जात नाही. "अगं ए, सांगितलं तिने. अगं, आपणहून सांगितलं." आत भांडं पडल्याचा आवाज आला. आई काहीतरी बोलली, हसत की रडत ते कळलं नाही.

"बाबा, ऐकलंत ना? नापास झालेय मी."

"ऐकलं, ऐकलं. ते जाड कोट-बिट आणू नकोस वाहून. ठेव त्या मैत्रिणीकडे. पुढच्या वर्षी लागतीलच."

आणि बास, आईला फोन दिला. आई विचारत बसली, आल्यावर काय खाशील, काय खाशील.

नापास का झालीस असं दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. एक चकार शब्द नाही. बहुतेक नीट ऐकूच गेलं नसणार. आमच्याकडे फोन हॉलमध्ये धरला की रेंज येत नाही. उद्या सगळं परत पहिल्यापासून नीट सांगेन.